तुमच्या हेलिकॉप्टरला बसवलेली मोटार

बाबा, तुमच्या त्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरचं इंजिन मी काढलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. तुम्ही गेल्यापासून ते आईच्या एका जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटावर होतं. दिवाळीच्या साफसफाईला खाली यायचं, पाती पुसली जायची, पुन्हा वर जायचं. यंदा उन्हाळ्यात आईला काचबिंदू निघाला. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे ती नजर औषधाने काही काळ टिकेल, गेलेली परत येणार नाही. स्टेशनला येताना रिक्षात तिने औषधाची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "यांचं ते हेलिकॉप्टर उडताना मी एकदाही पाहिलं नाही गं. नजर आहे तोवर एकदा दाखव."

मला आधी खरं वाटेना. घरात त्या यंत्राचा सगळ्यात जास्त त्रास तिलाच झाला होता. रविवारी मैदानावरून आलात की तुम्ही ते थेट स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायचात. तुम्ही बनियनवर उभे आहात, रॉकेलच्या फडक्याने एकेक दांडी पुसताय, आणि आई नाकाला पदर लावून दारात. "अहो, एरंडेलाचा वास आमटीला लागतो." "अगं, एरंडेल पोटाला चांगलं असतं." "मग घ्या दोन चमचे आणि झोपा." ते इंधन तुम्ही स्वतः मिसळायचात. मेथॅनॉल आणि थोडंसं नायट्रो एमआयडीसीतल्या मित्राकडून, एरंडेल कोपऱ्यावरच्या दुकानातून. कारखान्यात आलेला जर्मन इंजिनियर परत जाताना ते मोडकं हेलिकॉप्टर तुम्हाला देऊन गेला आणि तुम्ही ते वर्षभर खपून उडतं केलंत, हे आईला पाठ होतं. पण रविवार म्हणजे तिचे कपडे, पाणी, पाहुणे. तिला मैदानावर चल असं कोणी म्हटलंच नाही. तुम्ही नाही, आणि मीही नाही.

मला मात्र तुम्ही शिकवलंत. तेव्हा मी बी.एस्सी. होऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत नुकती लागले होते. खाडीकडच्या मैदानावर बघे जमायचे. "ए, पोरगी उडवते बघ!" असं कोणीतरी म्हणालं आणि मी ऐटीत ते गर्रकन फिरवलं. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "खाली घे आधी! तुला उडवायचंय का दाखवायचंय?" घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही नाक्यावर थांबून दोन उसाचे रस सांगितलेत, आणि माझ्या ग्लासातला बर्फ काढायला लावलात, कारण माझा घसा लगेच धरायचा.

इंजिन उघडलं तेव्हा आत एरंडेल डिंकासारखं वाळलेलं होतं आणि बेअरिंग गंजून गेलं होतं. गरम करून पाहिलं, रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, हललं नाही. त्याचे सुटे भाग इथे कुठे मिळणार? शिवाय मैदानाच्या तीन बाजूंना आता इमारती आहेत, तसा कर्कश आवाज आणि धूर कोणी खपवून घेणार नाही. म्हणून विजेची मोटार. तुमचा धाकटा जहाजावरून सुट्टीवर आला तेव्हा मोटार आणि तिचा वेग सांभाळणारं सर्किट घेऊन आला. चार्ज करता येणारे सेल मी लॅमिंग्टन रोडवरून आणले आणि तुमच्याच ओट्यावर बसून एकाला एक जोडले. आई म्हणाली, "बापाचा वारसा चालवतेयस, पण डाग पडला तर तूच घासायचास." इंजिन, सायलेन्सर आणि टाकी निघाली. मोटार बसली, बॅटरी नाकाशी गेली. बाकी काही हलवायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

त्यात क्लचही आला. पाती थांबलेली असतानाही इंजिन बंद पडू नये म्हणून मध्ये क्लच लागतो, हे तुम्हीच मला समजावलंत. त्याचं अस्तर झिजलं तेव्हा तुम्ही रिक्षाच्या जुन्या ब्रेक लायनरचा तुकडा कानशीने घासून पातळ केलात आणि तिथे चिकटवलात. कानशीच्या रेघा अजून दिसतात. मोटारीला क्लच लागत नाही. ती थांबते आणि थांबल्या जागेवरून उठते. हे मी दर वर्षी प्रयोगशाळेत मुलांना शिकवते. तरी मी खटपट करून मोटार त्या क्लचलाच जोडली. गच्चीवर चालू केलं की मोटार किंचाळायची, पाती आळसावल्यासारखी फिरायची आणि जळका वास यायचा. मी सेलना दोष दिला. मग मोटारीला. मग धाकट्याला, की त्याने स्वस्तातली आणली. तो फोनवर म्हणाला, "ताई, तू क्लच काढलास ना?" मी विषय बदलला.

शेवटी आईच वर आली. पायऱ्या चाचपत आली, म्हणून मी आधी तिच्यावरच रागावले. ती म्हणाली, "कसला वास येतोय?" मी सांगितलं, क्लचचं अस्तर घसरून जळतंय. का काढत नाही तेही सांगितलं. ती म्हणाली, "यांनी मिक्सर आणला तेव्हा वरवंटा मिक्सरमध्ये घातला होता का?" मी हसले. तीही हसली. मग म्हणाली, "अगं, तो तुकडा त्यांनी त्या इंजिनासाठी घासला होता. तू त्यांच्यासाठी जाळतेयस." मी त्याच संध्याकाळी क्लच काढला. हे मला स्वतःला का कळलं नाही, याचं उत्तर अजून देता आलेलं नाही. कळत होतं, असंच बहुधा खरं उत्तर असावं.

रविवारी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. आई घडीच्या खुर्चीत, चष्मा पुसून तयार. हेलिकॉप्टरच्या खाली मी बांबूच्या काठ्यांची फुली बांधली होती, पहिल्या दिवसांत तुम्ही मला बांधून द्यायचात तशी, कलंडू नये म्हणून. धूर नाही, वास नाही. नुसता पात्यांचा आवाज, मोठ्या पंख्यासारखा. ते उठलं. "कुठेय?" आई विचारते. तिला आता समोरचंच तेवढं दिसतं, कडेचं नाही. "मान जरा डावीकडे कर, आई." "कुठे गं?" मी ते हळूहळू तिच्या नजरेसमोर आणते आणि तिथे धरून ठेवते. "हां," ती म्हणते. "दिसलं." मग, "एवढंसं? एवढ्याशासाठी माझा ओटा?" आणि तोंडावर पदर घेऊन हसत राहते. बॅटरी उतरेपर्यंत मी ते तिच्यासमोरून हलू दिलं नाही.

परत येताना तिने विचारलं, "तुला यांची आठवण आली असेल ना?" मी हो म्हटलं. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. त्याआधी रोज येत होती, त्यानंतरही येते. पण ते हवेत होतं तेवढा वेळ, बाबा, मला तुमची एकदाही आठवण झाली नाही. मला फार मजा येत होती.