रॉबिनचा आवाज बंद आहे

१६ जून, सोमवार

मिरजगावात आले एकदाची! खोली झकास आहे. वरचा मजला, पुढे मोठी गच्ची, आणि हायवे इतका जवळ की ट्रकच्या मागे लिहिलेलं खिडकीतून वाचता येतं. सामान उतरवून होईपर्यंत घरमालकीण भामाबाईंनी माझं गाव, पगार, लग्न सगळं काढून घेतलं. वर एवढ्याशा बाईचं नववीची पोरं ऐकत्याल व्हय, अशी शंकाही बोलून दाखवली. शाळेत इंग्रजीची टीचर म्हणून आज हजर झाले. पोरांनी ऐकलं. ओरडायची सवय आहे मला. माझ्या धाकट्या भावाला, नॅथनला विचारा.

नगर सुटलं, आणि चार महिन्यांत आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

२१ जून, शनिवार

गणिताचे सुनील सर आणि त्यांची बायको शुभांगी संध्याकाळी मोबाईलवर टीमचा गेम खेळतात. त्यांना तिसरा भिडू हवा होता. मी नाही म्हणायला हवं होतं. पण गेम आणि त्याबरोबरचं बोलायचं अ‍ॅप, दोन्ही पुन्हा घेतलं. या अ‍ॅपमध्ये सगळे एका चॅनेलवर जमतात. चेहरे दिसत नाहीत, नुसते आवाज. जो बोलतो त्याच्या नावाला हिरवी कडा पेटते. कुणी फार कटकट करायला लागला की त्याला म्यूट करायचं, त्याच्या नावापुढच्या माईकवर काट येते. ते फक्त आपल्या मोबाईलवर होतं, त्याला पत्ताही लागत नाही. तो बिचारा बोलत राहतो.

पाच ते साडेसहा खेळलो. तीन डाव जिंकले. शुभांगीताई म्हणाल्या, लई भारी खेळता की टीचर. बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

२४ जून, मंगळवार

आज चॅनेलवर चार नावं होती. चौथं रॉबिनचं. पुढे माईकवर काट, मीच फेब्रुवारीत मारलेली. आणि नावाला हिरवी कडा.

रॉबिनचा मोबाईल त्याच्या आईकडे, रेबेका मावशींकडे असतो. नात्यातल्या कुणा पोरानं घेतला असेल. असंच असणार. मी स्वतःला पाच वेळा तरी हे सांगितलं.

खेळ संपल्यावर सुनील सरांनी सहज विचारलं की मॅडम, तुमचे ते मित्र आजारी हायेत का, लई धापा टाकत्यात. बोललेलं काही कळत न्हाई, तुमचं नाव तेवढं कळतं.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. माझ्याकडे तो म्यूट आहे.

२५ जून, बुधवार

लिहूनच टाकते. तोंडानं सांगायची हिंमत नाही.

मी, नॅथन आणि रॉबिन. एकाच चर्चमधली पोरं, दोन गल्ल्यांवर घरं, एकच टीम. जानेवारीत रॉबिन गाडीवरून पडला आणि अख्खा पाय प्लास्टरमध्ये गेला. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मावशी चर्चमध्ये बायकांच्या सभेला गेल्या होत्या, घरी तो एकटाच. डाव रंगात आला आणि हा खोकायला लागला, अडखळत काहीतरी बोलायला लागला. दमा त्याला लहानपणापासून. पण नाटक्याही तसलाच, हरायला आला की खोकायचा. त्याच्या खोकण्यात मला समोरच्या टीमची पावलं ऐकू येईनात. मी कॅप्टन. मी त्याला म्यूट केलं आणि शेजारी बसलेल्या नॅथनला खूण केली. त्यानंही केलं.

अकरा मिनिटांनी आम्ही जिंकलो. मी पलंगावर उड्या मारल्या.

दम्याचा पंप समोरच्या कपाटावर होता, त्याचा हात पोचला नाही. मोबाईल तर हातातच होता. तरी त्यानं कुणाला फोन केला नाही. कशाला करेल? दोघं मित्र ऐकतायत, आता धावत येतील, असंच त्याला वाटत होतं.

दफनाच्या दिवशी मावशींनी माझे हात धरून विचारलं, माझं लेकरू शेवटी काय बोललं गं? मी म्हटलं, नेटवर्क गेलं होतं मावशी. नॅथन मान खाली घालून उभा. त्या अजून दर रविवारी फोन करतात आणि तेच विचारतात. मीही तेच खोटं सांगते. माझ्यासारखी नीच मीच.

२७ जून, शुक्रवार

अ‍ॅप काढून टाकलं. मधल्या सुट्टीत बघितलं तर परत आलेलं. चॅनेलवर दोनच नावं, माझं आणि त्याचं. कडा पेटते, विझते, पेटते. बोलतोय.

नॅथनला फोन केला. रडला. म्हणाला, ताई, मावशींना खरं सांगून टाक, तू नाहीतर मी. मी त्याला न सांगायची शपथ घातली.

२८ जून, शनिवार

भामाबाईंनी जिन्यातून हाक मारून विचारलं, वर कोन खोकतंय, पाव्हना आलाय का? मी एकटीच होते. मोबाईल बंद होता — बंद करून उशीखाली —

कडा उशीखालीही हिरवी.

२९ जून, रविवार, दुपार

मावशींचा फोन येऊन गेला. तेच. काय बोललं गं माझं लेकरू? नेटवर्क, मावशी.

उत्तर माझ्या हातात आहे. काट काढायची, बस.

काढते.

काढली. रॉबिनच आहे. रागावलेला नाही — रागावला असता तर सोसलं असतं. धापा टाकत एवढंच म्हणतोय की रूथ, आईला फोन लाव. चर्चमधीच हाय ती. थांबतो. मग परत, रूथ, आईला फोन लाव गं —

लावते म्हटलं. आत्ता लावते. त्याला ऐकू जात नाही. परत तेच.

मावशींना लावला. सगळं सांगितलं. म्यूट, खूण, नेटवर्कचं खोटं, सगळं. त्या मध्येच हॅलो, हॅलो, कोण, रूथ का? आवाज येईना गं बाळा. मी ओरडले. आवाज येईना, म्हणाल्या आणि ठेवला. परत लावला. परत तेच —

भामाबाई गच्चीत गहू वाळत घालतायत. चार हातांवर. दारात जाऊन किंचाळले. मान वर केली नाही त्यांनी.

चॅनेलवर माझ्या नावाला हिरवी कडा. पुढे काट.

छाती आवळतेय — श्वास पुरत — लिहिलेलं तरी कुणी —

मावशी, तो तुम्हालाच बोलवत होता. अकरा मिनिटं. नेटवर्क होतं मावशी, मीच त्याला —