पाच शहरं, सहा दिवस, वीस अंडी

१७ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

आज शाळांत प्रगतिपुस्तकं वाटली. पंधरा दिवस सुट्टी. चार वाजता अंकाराहून सेरहातचा फोन. सोमवारी सगळे येतायत. सगळे म्हणजे तो, सून पेलिन, नेहिर (वय तेरा) आणि आल्प (दहा). मी म्हणालो, वेळ आहे का ते बघून सांगतो. त्याने फोन ठेवायच्या आत, आहे असं सांगितलं.

प्लॅन तयारच आहे. नोव्हेंबरपासून. सहा दिवसांत पाच प्राचीन शहरं: प्रिएने, माग्नेसिया, मिलेतोस, दिदिमा, एफेस. सगळी इथून, सोकेपासून, तासाभरात. सहावा दिवस राखीव, मुलांच्या जादा प्रश्नांसाठी.

बायको नेर्मिन होती तेव्हा हा दौरा दर हिवाळ्यात व्हायचा. ती गेल्यापासून दोन हिवाळे झाला नाही. पहिल्यांदा दुखवटा म्हणून, दुसऱ्यांदा पोरांचा स्कीइंगचा क्लास म्हणून. दौऱ्याचा लीडर मीच असल्याने खरं तर काही अडायला नको होतं.

ध्येय एकच. निघताना दोघांपैकी एकाने तरी आपणहून म्हणावं, ‘आजोबा, पुढच्या वर्षी पण.’ एवढं झालं की दर हिवाळा पक्का.

अवघड नाही. पुरावा आहे. जुनी प्रश्नांची वही काढली. नेहिर, वय दहा, मिलेतोसच्या थिएटरमध्ये: ‘आजोबा, समुद्र निघून गेल्यावर बंदरातली माणसं काय करायची?’ दहाव्या वर्षी! छत्तीस वर्षं भूगोल शिकवला, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. आल्प तर प्रत्येक शहरात शेवटी न चुकता विचारायचा, ‘आजोबा, दमलात का?’ मी अर्थातच दमलेला नसायचो. पण पोराचं मन राखायला घरी निघायचो.

संकल्प: एका जागी वीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही. चिडायचं नाही. नेर्मिनचा विषय काढायचा नाही, मुलं हळवी होतात.

१९ जानेवारी, रविवार.

तयारी पूर्ण. शिट्टी, थर्मास, पाच रंगांच्या पाच फायली. टाइमटेबल फ्रिजवर चिकटवलं.

जेवणाचा प्रश्न होता. नेर्मिन द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून दीडशे सुरळ्या करायची. सकाळी मीही बसलो. पानं उलगडतात. हल्लीची पानंच तशी येतात. शेवटी अंडी. वीस उकडली.

खालच्या मजल्यावरच्या हाजेरबाई ताटली परत द्यायला आल्या. रिकामी ताटली परत करायची नाही म्हणून वर चार बोरेक, चीज भरलेले. टाइमटेबल वाचत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, पोरांना काय हवंय ते विचारलंत का?" मी म्हणालो, छत्तीस वर्षांत कुठल्याही वर्गाला हे विचारलं नाही आणि निकाल नेहमी चांगला लागला. त्या म्हणाल्या, नेर्मिन असती तर तिने हळूच काहीतरी जुळवलं असतं. ह्या बाईंना दौऱ्यातलं काही कळत नाही. नेर्मिनचं काम डबे सांभाळण्याचं होतं.

बोरेक चांगले होते. मीच खाल्ले.

२० जानेवारी, सोमवार.

दुपारी दोनला येणार होते, सातला आले. आल्प उंच झालाय. मला मिठी मारताना त्याचं डोकं छातीवर आलं, पूर्वी पोटावर यायचं. नेहिरच्या एका कानात सतत ते गाण्यांचं यंत्र असतं. दुसरा कान मोकळा आहे, तेवढा पुरे.

जेवणाआधी दहा मिनिटांचं प्रास्ताविक केलं. सूप थंड झालं. पेलिनने गरम केलं. मग उपसंहार केला. परत गरम केलं.

नेर्मिनची खुर्ची रिकामी ठेवली होती. आल्प सरळ जाऊन तिच्यावर बसला. बरं वाटलं.

२१ जानेवारी, मंगळवार. प्रिएने.

आठला निघायचं, पावणेअकराला निघालो. रिमझिम. गाडीत अंड्यांचा डबा उघडल्यावर सगळ्यांनी पावसातही काचा खाली केल्या. ताजी हवा ह्या मुलांना अंकारात मिळत नाही.

भाषण वीस मिनिटांचं होतं. पण मध्ये अथेनेचं देऊळ आलं, ते काही मी तिथे ठेवलेलं नाही. एक तास पन्नास मिनिटं. पेलिन म्हणाली, बाबा, ह्याचे पाय भिजलेत. मी म्हणालो, ह्या शहराची गटारव्यवस्था ऐकशील तर पाय विसरशील. तिने ऐकली. मग आल्पचे मोजे पिळले.

प्रश्नोत्तरांच्या वेळी आल्पने आधी बहिणीला काहीतरी विचारलं, मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "आजोबा, मी काय विचारू?"

ह्याला म्हणतात जिज्ञासा. इतके प्रश्न की कुठला आधी विचारावा कळत नाही! वहीत लिहिलं.

अठरा अंडी परत आली. उद्याची सोय झाली.

२२ जानेवारी, बुधवार.

माग्नेसिया पुढे ढकललं. आल्पला खोकला. दिवसभर मुलं गाद्यांवर पडून मोबाइल बघत होती. मी सेरहातला स्वयंपाकघरात बसवून माग्नेसियाचं स्टेडियम साखरेच्या खड्यांनी रचून दाखवलं. तो शेवटच्या रांगेपर्यंत डोळे मिटून ऐकत होता. घोरत होता असं पेलिनचं म्हणणं.

सतरा अंडी. एक मी खाल्लं.

२३ जानेवारी, गुरुवार. मिलेतोस.

पाऊस नाही. सगळे आले. शिस्तीत थिएटर चढलो, मधल्या रांगेत सगळ्यांना बसवलं. समोर सपाट शेतं, कापूस निघून गेलेला, चिखल. मी नेहमीचं वाक्य म्हणालो. इथे, पायथ्याशी, जहाजं लागायची. मेंदेरेस नदीने गाळ आणून आणून समुद्र दोन तासांच्या चालीवर ढकलला. मग शिट्टी वाजवून प्रश्न मागवले.

एकही हात वर आला नाही. म्हणून वही काढली आणि नेहिरला तिचाच प्रश्न वाचून दाखवला. म्हटलं, आता कळी खुलेल.

तिने कानातलं यंत्र काढलं. हे आल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाली, "आजोबा, तो प्रश्न माझा नव्हता. आजीचा होता."

मी म्हणालो, आजीचा कसा, ती तर खाली झाडाखाली असायची.

"आजी गाडीत चिठ्ठी वाचून दाखवायची. प्रत्येकाला एक प्रश्न पाठ करायचा. विचारला की खाऊ, एक लोकुम. आल्पला दोन मिळायचे, कारण त्याचा शेवटचा असायचा."

"गुलाबाचा लोकुम," आल्प म्हणाला. "तुम्ही आणलाय का?"

पेलिन म्हणाली, नेहिर, पुरे. म्हणजे पेलिनलाही माहीत होतं. सेरहात आमच्याकडे पाठ करून शेतांकडे बघत राहिला. म्हणजे त्यालाही.

मी म्हणालो, उत्तम पद्धत आहे, शिक्षणात बक्षीस हवंच. मग स्नानगृहांवर चाळीस मिनिटं बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही.

घरी येऊन वही परत वाचली. त्रेचाळीस प्रश्न आहेत. त्यातले काही मुलांचे स्वतःचे असणारच. ‘दमलात का’ हा तर नक्कीच आल्पचा. असलं काही कोणी पढवत नाही.

सोळा अंडी हाजेरबाईंच्या मांजरांना.

२४ जानेवारी, शुक्रवार.

कार्यक्रमात किरकोळ बदल. दिदिमाऐवजी ते कुशादासीला गेले. तिथे गरम पाण्याचा तलाव असलेलं हॉटेल आहे, दोन रात्री. आल्पच्या खोकल्याला गरम पाणी चांगलं, असं पेलिनचं मत. तलावात खोकला बरा होतो हे वैद्यकशास्त्रात नवीन आहे.

सेरहात म्हणाला, "बाबा, तुम्ही पण चला." मी नाही म्हणालो. तो म्हणाला, चला ना, खोली मोठी आहे. मी म्हणालो, नको, माझी कामं आहेत.

मग तो चपला शोधायला लागला.

आपल्यात पहिल्या दोन वेळा नाहीच म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा आग्रह होतो तेव्हा आढेवेढे घेत उठायचं. चहाला, जेवणाला, लग्नाला, सगळीकडे हेच. त्याच्या आईने त्याला हे शिकवलं होतं. मी स्वतः पाहिलंय, सात वर्षांचा असताना पोस्टमनला तीनदा आग्रह करून चहाला बसवायचा. अंकारात राहून विसरला. पोहण्याची चड्डी मी पायजम्याच्या आत घालूनच बसलो होतो. संध्याकाळी काढली.

कामं केली. फायलींचे रंग बदलले.

२६ जानेवारी, रविवार.

अकराला परत आले, बॅगा घ्यायला. सेरहातला मंगळवारी ऑफिस आहे. मी म्हणालो, एफेस राहिलं. तो म्हणाला, बाबा, एफेस कुठे पळून जातंय. मी म्हणालो, समुद्र गेला की. त्याने बॅगा उचलल्या.

गाडी सुरू झाली तेव्हा बादली घेऊन फाटकात उभा होतो. वाट पाण्यासारखी सोपी व्हावी आणि माणसं परत यावीत म्हणून गाडीमागे पाणी ओततात, लोक तांब्याभर ओततात. नेर्मिनला ॲम्ब्युलन्समधून इझमिरला नेलं तेव्हा मी तिच्याबरोबर आत बसलो होतो. मागे ओतायला कोणी नव्हतं. तेव्हापासून मी तांब्या वापरत नाही.

पूर्ण बादली मारली. आल्प हात हलवायला काच खाली करून बाहेर वाकला होता. त्याच्या अंगावर गेली, बरीचशी आत नेहिरच्या मांडीवर. गाडी थांबली. पेलिनने मुलांना आत आणून कोरडे कपडे घातले. मी चहा टाकला, त्यांनी उभ्याने घेतला. अशा रीतीने मुक्काम पंचवीस मिनिटांनी वाढला.

दुसऱ्यांदा निघताना मी काचेपाशी उभा राहिलो. वेळ दिला. वाटलं, आता म्हणतील. नेहिर म्हणाली, "आजोबा, जपून राहा."

वाक्य वेगळं आहे. ताणलं तर अर्थ जवळ जातो.

दुसऱ्यांदा पाणी ओतलं नाही. पेलिन आरशातून बघत होती. आता ती चूक झाली की काय, असं संध्याकाळपासून वाटतंय.

२७ जानेवारी, सोमवार.

पोचले. सेरहातचा मेसेज. अंगठा पाठवला. मीही अंगठा पाठवला. 

२८ जानेवारी, मंगळवार.

दौरा रद्द झालेला नाही. ग्रुप लहान झालाय, शिस्त उत्तम. आठला निघायचं ठरलं आणि आठला निघालो. मागे पाणी ओतायला कोणी नाही, म्हणून आधी गाडी फाटकाबाहेर काढली, उतरून बादली ओतली, परत जाऊन बसलो. असं चालतं की नाही माहीत नाही. हाजेरबाई खिडकीतून बघत होत्या. त्यांनीही तिथूनच एक पेलाभर टाकलं.

मिलेतोसच. गुरुवारचं अपुरं राहिलं होतं. मधल्या रांगेत बसलो. भूक लागली. थर्मासच्या जुन्या पिशवीत तळाशी नेर्मिनचा लोकुमचा पत्र्याचा डबा आहे हे माहीत होतं, तीन हिवाळे उघडला नव्हता. आत चार लोकुम, दगड झालेले. आणि त्यांच्याखाली घडी केलेली चिठ्ठी. पिठीसाखरेने माखलेली. तिचं अक्षर.

*नेहिर: समुद्र परत येईल का?*

*मी काही विचारायचं नाही, मी विचारलं की ते तासभर थांबत नाहीत.*

*आल्प: आजोबा, दमलात का? (हे शेवटी. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं की लगेच.)*

मी दमलो की कोटाचं वरचं बटण लावतो हे मला माहीत नव्हतं. सदुसष्ट वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही. झाडाखालून एवढ्या लांबून तिला दिसायचं. माझं सगळं बोलणं ऐकू जात असणार, त्याशिवाय असे प्रश्न निघत नाहीत. म्हणजे इतकी वर्षं एकच विद्यार्थी होता आणि मी त्याला डबे सांभाळायला बसवलं.

मग उभं राहून पूर्ण भाषण केलं, झाडाकडे तोंड करून. पहिल्यांदाच कोणी मध्ये तोडलं नाही. नेहिरच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. नाही, समुद्र परत येत नाही. गाळ मागे सरकत नसतो. बंदरातली माणसं काही वर्षं वाट बघतात.

तीन वाजता कोटाचं वरचं बटण लावलं आणि थांबलो. काढलं. परत लावलं. थांबलो.

शेवटी पहारेकरी वर आला. म्हणाला, सर, गेट बंद करायचंय, तुमच्या ग्रुपला बोलवा. मी शिट्टी वाजवली आणि खाली उतरलो.

आता घरी आहे. कोट अजून अंगातच आहे, वरचं बटण लावलेलं.

हो, दमलो.