खड्ड्यातला गारवा

४ मे
परळीला उतरलो. किनवटहून निघालो तवा वाटलं, इथंबी आपलं मन लागायचं न्हाई. पण जागा झकास हाय! वीजकेंद्राच्या राखेच्या डोंगरामागं विद्यापीठाचं यंत्र, घरापेक्षा उंच पंखा. साहेब म्हणाले, हवेतला कार्बन, धुराचा अन् आपण सोडलेल्या श्वासाचाबी, हा ओढून घेतो अन् खोल बोअरमधी गाडतो. मी फक्त राखण करायची. आधीचा राखणदार राधाकिशन न सांगता पळाला म्हणं, म्हणून फाटकाला बाहेरून कुलूप. त्याच्या चपला बाजेखालीच हायत. मला बरोबर बसल्या.

६ मे
ऊन असं की पत्र्याखाली अंग भाजतंय. बोअरपाशी खड्डा हाय, तिथं मात्र गारवा. दुपारी तिथंच अंथरूण टाकलं. तारेपलीकडून शेळ्या राखणारा म्हातारा तात्याबा खेकसला, काहून निजतो बे तिथं, राधाकिशनबी तिथंच निजायचा. मी म्हणलं, तुझ्या बापाची जागा हाय का. तो थुंकला अन् गेला. या गावात कुणी पाणीबी विचारत न्हाई.

७ मे
डोकं लई दुखतंय. खड्ड्यात बसून बिडी पेटवाया गेलो, काडी विझली. दुसरीबी. उभा राहिलो तर पेटली. वारा तर न्हवता.
साहेबांना फोन केला. म्हणाले, गळतीचं मीटर ठीक दाखवतंय, सोमवारी येतो.

८ मे
तात्याबाची शेळी तारेखालून खड्ड्यात शिरली. बसली. उठलीच न्हाई. त्यानं मला आई-बहिणीवरून शिव्या घातल्या. मग वरडला, वर चढ बे, बसू नको.
लाईट गेलीय. तरी पंखा फिरतोय. मी श्वास सोडला की फिरतो. दम रोखला की थांबतो.

९ मे
काडी आता खोलीतबी विझते. सकाळी घोट्यापाशी. मग गुडघ्याला. आता कंबरेला —
साहेब फोन उचलत न्हाईत. काटेरी तार डोक्याच्या वर. कुलूप दगडानं ठोकलं, तुटत न्हाई. तात्याबा कुऱ्हाड आणाया गेलाय.

काडी छातीशी विझली, तवा पाण्याच्या टाकीवर चढलो. उभाच हाय. इथं काडी पायाशी विझते —

तात्याबा आला. कुलूप तोडाया फाटकाशी खाली बसला. वरडलो, बसू नका, बाबा, उठा — उठत न्हाई —

पंखा जोरात. दम रोखला. थांबला न्हाई. अजून रोखलाय. तरी फिरतोय — मग हा कुणाच्या श्वासावर