रिकाम्या दुर्बिणीतला शनी

बाबा, त्या संध्याकाळी दुर्बिणीत काहीही नव्हतं. तुम्ही डोळा लावून "दिसून राहिला ना वं, रिंगसकट!" म्हणालात, तेव्हा शनी केव्हाच निसटला होता. मला ते तुम्ही उठल्यावर कळलं.

दुर्बीण तुम्हीच आणली होती. भिलाईच्या स्टील प्लान्टमधला एक रशियन साहेब मायदेशी परत चालला होता. सुट्टीच्या दिवशी तुम्ही त्याच्या सामानाच्या पेट्या ठोकायला गेलात आणि येताना ती सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलीत. तिला एक छोटी विजेची मोटर होती. पृथ्वी फिरते त्या बेतानं मोटर दुर्बीण फिरवत राहते, म्हणजे तारा समोरून हलत नाही. माहितीपत्रक सगळं रशियनमध्ये. बारावीत फिजिक्स घेतल्याचा तोरा मिरवणारी मी आणि तुम्ही, नुसत्या चित्रांवरून ती जोडत बसलो. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "बापलेकीनं आता जेवाले नका मागू, तारेच खा." चित्रात स्पष्ट होतं, मोटरचा दांडा ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. आपल्याकडे ध्रुव तसाही खालीच असतो, आणि सेक्टर दोनच्या आपल्या गच्चीवरून त्या बाजूला प्लान्टचा धूर. त्या धुरात एक पिवळसर ठिपका जागचा हलत नव्हता. मी दांडा त्याच्यावर रोखला. तो चिमणीवरचा दिवा होता, बाबा. अशी चूक करायला भिलाईतच वाढावं लागतं.

दिवाळी होऊन गेली होती, सातच वाजले असतील. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर वर ओढली होती. मला शनी सापडला, कडं दिसलं, आणि मी नाचत तुम्हाला हाका मारल्या. तुम्ही जिना भिंतीला हात लावत चढलात. मला वाटलं, शिफ्ट करून दमलेत. तुम्ही स्टुलावर बसून डोळा लावलात. मोटर घुरघुरत होती, आणि मोटर चालू म्हणजे शनी जागेवर, या भरवशावर मी निर्धास्त. तुम्ही बराच वेळ पाहून वाहवा केलीत. मग मी डोळा लावला तर नुसता काळोख. दुर्बीण इमानेइतबारे चिमणीच्या दिव्याभोवती फिरत भलतीकडे गेली होती. मला हसू फुटलं. "बाबा, काय फेकून राहिले!" म्हणत मी वळले, तर तुमचा हात स्टुलाशेजारी ठेवलेला चहाचा कप शोधत होता, कपाच्या वीतभर पलीकडे. मी कप तुमच्या हाताशी सरकवला.

"बाबा, तुमाले दिसत नाही?"

"दिसते. सांजच्या टाइमले जरा धूसर होते. तुह्या आईले सांगू नको."

तुम्ही क्रेन चालवत होतात. वितळलेल्या लोखंडानं भरलेली बकेट माणसांच्या डोक्यावरून नेत होतात. मी विचारलं, मेडिकलला पास कसे होता? तुम्ही हसलात. "रांगेतला पुढचा वाचते ते ऐकून पाठ करून घेतो. अन् खाली तो हाय ना, त्याच्या शिटीवर चालवतो मी. डोयाचं काय काम?"

तो म्हणजे उतईहून सायकलनं येणारे काका. वीस वर्षं तुमच्या क्रेनखाली उभं राहून शिटीनं इशारे देणारे, आपल्या घरी पोळ्याची करंजी खाऊन जाणारे. बकेट पडली असती तर आधी त्यांच्यावर. त्यानंतर मी दुर्बीण उघडली नाही. तिन्हीसांजेला प्लान्टच्या बाजूचं आकाश भट्टीनं तांबडं झालं की मी पुस्तक मिटून फाटकाशी जाऊन उभी राहायची. एकदा तुम्ही तासभर उशिरा आलात. त्या तासात तुमचा केवढा राग आला होता म्हणून सांगू! मनात मी तुम्हाला खुनी म्हटलं. मग तुम्ही आलात, सायकल भिंतीला धडकवलीत आणि "अंधारात कावून उभी हायस?" म्हणालात. अजून पुरता अंधार पडलाही नव्हता.

त्याच आठवड्यात सुपेल्याच्या बाजारात काका सायकलचं पंक्चर काढून घेत उभे दिसले. मी त्यांना सांगून टाकलं. ते मान खाली घालून चाकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कोनो ला झन बताबे, नोनी. मैं देख लेहूं." कुणाला सांगू नकोस पोरी, मी पाहतो.

त्यांनी फोरमनला सांगितलं, की आपला ऑपरेटर हाताचे इशारे बघत नाही, डोळे तपासा. तुम्हाला एकट्याला बोलावून तपासलं. रांग नव्हती, पुढं वाचणारा नव्हता. तुम्हाला क्रेनवरून उतरवून टूल रूममध्ये बसवलं. "ज्याच्या शिटीवर जीव टाकला त्यानंच माहा गळा कापला," म्हणत तुम्ही चार दिवस जेवला नाहीत. काका दारात आले तेव्हा तुम्ही उठून आत गेलात. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझं नाव डोळ्यांतूनही निघू नये म्हणून. पाणी पिऊन ते गेले.

तुम्ही गेलात त्या दिवशी ते उतईहून आले, खांदा द्यायला पुढे झाले. आईनं हात आडवा केला. "यायनं मना केलं होतं," म्हणाली. काका मागे सरले आणि फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. मी चार हातांवर उभी होते.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की कुणी विचारलंच नाही, विचारलं असतं तर सांगितलं असतं. ते खरं नाही, बाबा. तेराव्याच्या दिवशी भांडी आवरताना आईनं विचारलं होतं, "यायच्या डोयाचं त्याले कोणं सांगितलं असन वं?"

मी म्हटलं, "मले काय मालूम."