उजवी टाच

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता तुमचंच काम माझ्याकडे आलं आहे. कॉलेजची पोरं कबड्डी खेळताना बघायची आणि व्यावसायिक लीगमध्ये त्यातलं कोण टिकेल ते एका संघाला लिहून कळवायचं. तुम्ही वहीच्या कागदावर जिल्ह्याच्या संघाची बारा नावं लिहायचात, मी लॅपटॉपवर रकाने भरतो: चढाईचा वेग, बोनस, पकडीतून सुटणं, शेवटी तंदुरुस्ती. एकेक व्हिडिओ दहा वेळा मागेपुढे करतो. तुम्ही चढाई संपली की खेळाडूकडे बघायचाच नाहीत. मैदानावर पाणी शिंपडलेलं असायचं आणि तुम्ही वाकून ओल्या मातीतले पायांचे ठसे बघत बसायचात.

श्रीगोंद्याच्या मैदानावर तुम्ही माझ्या ठशावर बोट ठेवलंत. "उजवी टाच टेकत न्हाई तुझी. गुडघा लपवतोयस." जिल्ह्याच्या संघातून माझं नाव गेलं. मी वीस वर्षांचा, चार पुस्तकं वाचलेला. कॉलेजच्या सभागृहात तुमच्यावर अर्धा तास बोललो. वशिला म्हणालो, हुकूमशाही म्हणालो, टाळ्या घेतल्या. तुम्ही पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकलंत. संध्याकाळी घरी बोलावलंत. स्वयंपाकघरात काकूंनी ताट वाढलं आणि भाकरी मोडता मोडता तुम्ही म्हणालात, "आवाज चांगला हाय. आता गुडघा दाखव कुनाला तरी." मी दाखवला नाही. राहात्याच्या स्पर्धेत चालू चढाईत तो गेला आणि माझा खेळ तिथेच संपला. तुम्ही बरोबर होतात, हे त्यानंतर मी कुठल्याच सभेत बोललो नाही.

मागच्या महिन्यात आमच्याच कॉलेजचा एक चढाईपटू बघितला. पाथर्डीकडचा, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिघं अंगावर असताना हा बोटं रेषेला लावून मोकळा होतो. व्हिडिओत खोट काढायला जागा नाही. फक्त परत फिरताना एक पाऊल जरा आखूड पडतं असं मला वाटलं. म्हणून त्याला मॅटवरून उठवलं, कॉलेजमागच्या जुन्या मैदानावर नेलं, पाणी मारलं आणि तीन चढाया करायला लावल्या. मग वाकलो. उजवी टाच कुठेच उमटलेली नाही.

तो जवळ येऊन उभा आहे. त्याला कळलं आहे.

"ट्रॉलीवरून पडल्तो सर, दिवाळीनंतर. आता काय न्हाई."

"दुखतंय?"

"थंडीत जरासं. लिहू नका ना सर."

मी म्हणतो, दवाखान्यात दाखवू, पुढच्या वर्षी बघू. तो हसतो. "पुढल्या वर्षी मी उसाच्या फडात असंन. गॅदरिंगला तुमीच म्हन्ला हुता, गरिबाला संधी एकदाच मिळती, सोडू नका म्हनून. आमी लई शिट्ट्या मारल्या हुत्या."

सर, हजार माणसांपुढे मी कधी अडलो नाही. तिथे त्याला उत्तर द्यायच्या ऐवजी मी लॅपटॉप उघडला. मी जे बोललो होतो ते खोटं नव्हतं, आजही तसंच बोलेन. पण संधी मिळाल्यावर त्या गुडघ्याचं काय, हे माझ्या भाषणात नव्हतं. तंदुरुस्तीच्या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं. संघाचे डॉक्टर बघतीलच, अशी स्वतःची समजूत घातली. तुम्ही माझ्या शिव्या खाल्ल्यात, पण यादीत खोटं लिहिलं नाहीत. मला त्या पोराच्या शिव्या नको होत्या. गरिबी, न्याय, हे सगळं मला नंतर आठवलं. तुम्हाला लिहिलेला हा कागद कुणाला दाखवायची माझी तयारी नाही.

काल त्याचा फोन आला. "घेतलं सर मला. आईनं सगळ्या टोळीला पेढं वाटलं." तपासणीत सगळं ठीक निघालं का, हे तो बोलला नाही. जेवण कसं आहे, मॅट कशी आहे, खोलीत सोबत कोण आहे, मी सगळं विचारलं. चांगली दहा मिनिटं बोललो. पायाचं विचारलं नाही.