सान्वीची हातच्याची वजाबाकी आणि सोसायटीचा कप

पूनम सागर, मीरा रोड
१ जून २००९

तीर्थरूप भावोजी यांस,

दत्तारामाचा वाकून नमस्कार. (गुडघा पूर्ण वाकत नाही, उरलेलं वाकणं मनाने धरावं.) तुमची दाढ काढल्याचं कळलं, आता जेवण जात असेल. आशाताईने पाठवलेली फणसपोळी आली त्याच दिवशी संपली.

पत्रास कारण की मी सेक्रेटरीपदाला कंटाळलोय. चौदा तारखेला सोसायटीची पूजा आणि मग मुलांचा गुणगौरव. दरवर्षी सोपं असायचं, टक्के बघायचे, ज्याचे जास्त त्याला कप. आमची सान्वी मागची दोन्ही वर्षं दुसरी आली आणि कप पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेनच्या नातवाने, दिपेशने नेला. यंदा तो कप आमच्या टीव्हीवर ठेवलेला दिसावा एवढीच माझी गरिबाची इच्छा.

पण शाळेने टक्केच काढून टाकले! तिसरीच्या प्रगतिपुस्तकात एकेक गोष्ट लिहिलीय, हातच्याची वजाबाकी, गोष्ट आपल्या शब्दांत सांगणे (‘स्वतःची चूक मान्य करणे’सुद्धा, काय एकेक खूळ), आणि पुढे आकडा. तीन म्हणजे स्वतः जमतं, दोन म्हणजे मदतीने जमतं, एक म्हणजे अजून शिकतंय. एकूण बेरीज कुठेच नाही. मी कमिटीत छाती काढून सांगितलं, त्यात काय मोठं, वर्षभराच्या आकड्यांची सरासरी काढा. सगळ्यांनी माना डोलावल्या, मिनिट्समध्येही लिहिलं. घरी येऊन गणित केलं आणि घाम फुटला. हातच्याच्या वजाबाकीत सान्वीला जूनमध्ये एक, दिवाळीत दोन, मार्चमध्ये तीन. सरासरी दोन. दिपेशला तिन्ही वेळा तीन. म्हणजे माझ्याच पायावर मीच धोंडा पाडून घेतला.

मग शाळेत शुभदा टीचरकडे गेलो. (तिथे पालकांना मुलांच्या बाकावर बसवतात. निघताना बाकही माझ्याबरोबर उठला.) त्या म्हणाल्या, सरासरी काढायचीच नसते, जून गेला, मूल आज काय करू शकतं तेच धरायचं. "चालायला शिकताना तुमची मुलगी पडायची. ते पडणं मोजून आज ती अर्धीच चालते म्हणाल का?" मी खूश. लगेच मीटिंग बोलावून सरासरी किती अन्यायकारक आहे यावर वीस मिनिटं बोललो. हंसाबेन शांतपणे म्हणाल्या, "सेक्रेटरी साब, अ‍ॅव्हरेज तो आपनेच बोला था ना?" मी म्हटलं, मिनिट्स लिहिण्यात चूक झाली असणार. नवा नियम मंजूर झाला. मार्चचे आकडे मांडले, तर सोसायटीतली तिसरीची अकराच्या अकरा मुलं सगळीकडे तीनवर! पहिले अकरा, कप एक. आता सगळ्यांना सारख्या वह्या वाटायचं ठरलंय. मुलं शिकली, मला काय, त्यातच आनंद आहे.

ताईला नमस्कार, दाढेला जपा.

आपला,
दत्ताराम

ता. क. : तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक. पाहुणे म्हणून या, आणि कपाबिपाने मुलं कशी बिघडतात यावर जोरात बोला.

ता. क. २ : खरं सांगतो. कपावर ‘कु. सान्वी, प्रथम क्रमांक’ असं मी निकालाआधीच कोरून घेतलंय. काल तो तिला कपाटात साड्यांमागे सापडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, आम्ही सगळेच पहिले आहोत. तुम्ही सांगा ना सगळ्यांना." मग वहीचं पान फाडून माझं प्रगतिपुस्तक केलं. एकच ओळ : स्वतःची चूक मान्य करणे, एक.

ता. क. ३ : भाषण राहू दे. चौदाला फक्त पहिल्या रांगेत, माझ्यासमोर बसा. माइकवर मीच सांगणार आहे. तीन काही मिळायचे नाहीत, पण तुम्ही असलात तर दोनपर्यंत जाईन.