दर्यावर न्यायचा कॅन

दहिवडी, मंगळवार, संध्याकाळ

उद्या मुंबईला निघायचं, परवा क्रूझवर चढायचं. लेकीनं, सुमननं, हौसेनं तिकिटं काढलीत. माझी बॅग दुपारीच भरून झाली. ह्यांची झाली का म्हणून बघायला गेले, तर बॅगेशेजारी पाच लिटरचा पाण्याचा कॅन. झाकणावर फडकं बांधून!

"आवं, समुद्रावर चाललोय आपण. पाणी कशाला?"

"त्ये खारट असतंय. प्यायला काय करशील?"

मी हसले. वर सुमनला फोन करून सांगितलं. तीही हसली, म्हणाली, जहाजावर कॅन घेऊ देत नाहीत. ह्यांनी कॅन उचलला आणि कढीपत्त्याच्या बुडात ओतला, हळूहळू, थेंब वाया न घालवता. लहानपणी मेंढरांमागं पाणी हुडकत फिरलेला माणूस. मी हसायला नको होतं का?

मग नळाला पाणी आलं, आठ दिवसांनी. हंडे, घागरी, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरला. देवापुढं दिवा लावताना लक्षात आलं, चार दिवस घरात कुणीच नाही. मग हे सगळं मी कुणासाठी भरलं?

कॅन पुन्हा भरलाय. बॅगेजवळ नेऊन ठेवलाय. फडकं मीच बांधलं.